रोगुवीरचा राघव होईपर्यंत

नाव बदलायचं मनात आलं तेव्हा मी मराठीत खूप शोधाशोध केली. सापडलं ते सगळं महाराष्ट्राचं. तिथल्या राजपत्रात जाहिरात कशी द्यायची, फोटो केवढा लागतो, वगैरे. सावंतवाडीच्या माझ्या आतेभावानं तसं केलंही होतं आणि त्या अनुभवाच्या जोरावर त्यानं तासभर माझी शिकवणी घेतली. त्यातलं इथं जवळजवळ काहीच उपयोगी पडलं नाही. गोव्याचा यासाठी स्वतंत्र कायदा आहे, १९९० चा, आणि माझी सगळी वाट तालुक्याच्या नागरी निबंधकाच्या कचेरीतून गेली. म्हणून ही हकीकत लिहून ठेवतोय, जून २०१७ ते जानेवारी २०१८ पर्यंतची. माझ्यासारखा कुणी अठराव्या वर्षी त्या कचेरीच्या बाकावर एकटा बसला असेल, तर त्याला वाचायला काहीतरी असावं.

आधी नावाबद्दल सांगायला हवं.

माझा जन्म १४ जून १९९९ चा, पेडणे तालुक्यातला. आजोबा आदल्या वर्षी वारले होते, तेव्हा नातवाला त्यांचंच नाव हे ठरलेलंच. नोंदणीला बाबा गेले. जाताना त्यांनी आजोबांचा जुना जन्मदाखला बरोबर नेला आणि पोर्तुगीज अमदानीतल्या कारकुनानं त्यावर जे लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर अर्जात उतरवून दिलं. सरकारी कागदावर आहे म्हणजे तेच बरोबर, असा त्यांचा साधा हिशेब. आजोबांचं नाव रघुवीर परब. दाखल्यावरची रोमन अक्षरं वाचली तर होतं रोगुवीर पोरोबो. १९३६ साली जन्मलेल्या माणसाचं स्पेलिंग असं १९९९ सालच्या पोराला चिकटलं.

गोव्यातले जुने कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. नाईक आडनावाच्या शेवटी क्यू-यू-ई, शेट आडनावाची सुरुवात एक्सनं, कामतांची सीनं. आमच्या पेडण्याचं इंग्रजी पाटीवर पेर्नेम होतं आणि डिचोलीचं बिचोलीम. गावांच्या नावांना कुणी चिडवत नाही, एवढाच फरक.

चौथीपर्यंत काही बिघडलं नाही. गावची सरकारी मराठी शाळा, हजेरीपट देवनागरीत, बाईंनी सरळ रघुवीर लिहिलेलं. पाचवीला आमच्याकडची बहुतेक मुलं जातात तसा मीही इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात गेलो. पहिल्या दिवशी हजेरी चालू असताना ‘रोगुवीर पोरोबो’ असा पुकारा झाला आणि मी उठलोच नाही. मला वाटलं, सासष्टीकडचा कुणी नवा मुलगा असेल. तिसऱ्यांदा पुकारल्यावर शेजारच्यानं मला कोपरानं ढोसलं. मधली सुट्टी होईपर्यंत मी ‘रोगी’ झालो होतो. मी बाकावर बसलो की पलीकडचा सरकून बसायचा, लागण होईल म्हणून. कुणी शिंकलं की वर्ग माझ्याकडे बघायचा. आता लिहिताना हे विनोदीच वाटतं. दहा वर्षांच्या मुलाला ते तसं वाटत नाही. शाळेचं नाव लिहीत नाही. अशी पोरं कुठल्याही शाळेत असतात, आणि सहावीत एका तोतऱ्या मुलाची नक्कल करणाऱ्यांत मीही होतो.

घरात मला रघुवीर कुणीच म्हणत नसे. कारण आजी. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून तिनं बारशापासून मला बाबू केलं, आणि तिच्यामागून सगळ्या घरानं. म्हणजे घरात बाबू, मराठी शाळेत रघुवीर, हायस्कुलात रोगुवीर. राघव हे चौथं नाव माझं मी ठेवलं, आठवीत. शाळेच्या हस्तलिखितात पावसावर चार कडवी लिहिली होती. खाली नाव घालायची वेळ आली आणि पेन ‘रा’ वर गेलं. फार विचार केला होता असं नाही. नंतर गावच्या भजनी मंडळात पेटीला बसायला लागलो. स्पर्धेत कलाकारांची नावं पुकारतात ना, तिथंही ‘संवादिनी, राघव परब’ असंच सांगायला लावलं. म्हापशाला अकरावीत गेलो तेव्हा नव्या मित्रांना दुसरं नाव माहीतच नव्हतं. फक्त गुणपत्रिका आली की मी ती उलटी धरायचो.

इथं एक सांगून ठेवतो. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी नाव सुधारून घेता आलं, तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. अल्पवयीन मुलासाठी आईवडील अर्ज करू शकतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं आणि घरात विषय काढायची हिंमतही नव्हती. फॉर्म भरताना वर्गशिक्षिकेनं जन्मदाखल्याप्रमाणे नाव लिहा म्हटलं. मी लिहिलं.

१४ जून २०१७ ला अठरा पूर्ण झाली. दोन आठवड्यांनी, २८ जूनला, कॉलेज बुडवून तालुक्याच्या कचेरीत गेलो. पाऊस असा की बसमधून उतरून आत जाईपर्यंत दाखल्याची झेरॉक्स लगदा झाली. (प्लास्टिकची फाइल घ्या. दहा रुपयांची वस्तू आहे.) दारावर लांबलचक नाव: नागरी निबंधक, उपनिबंधक आणि पदसिद्ध नोटरी. या एकाच छताखाली जन्माच्या नोंदी, लग्नाच्या सह्या, घराजमिनीची खरेदीखतं आणि वारसाचे दस्त असं सगळं चालतं. त्या दिवशी बाकावर माझ्या डाव्या बाजूला एक जोडपं होतं. गोव्यात लग्नाच्या दोन सह्या असतात. आधी लग्न करायचा इरादा आहे म्हणून पहिली, मग मधला काळ जाऊ देऊन दुसरी. हे पहिल्या सहीवाले. मुलगी सारखी पेन उघडत होती, बंद करत होती. मुलाच्या हातात मारी बिस्किटांचा पुडा होता, त्यानं मलाही एक दिलं.

खिडकीवरच्या मॅडमनी, त्यांना मी इथं फक्त मॅडमच म्हणतो, विचारलं, “कशासाठी बदलायचं?”

मी घरून पाठ करून गेलो होतो: सर्व कागदपत्रांत एकवाक्यता यावी यासाठी. तोंडातून आलं, “पोरं रोगी म्हणतात.”

त्या हसल्या नाहीत. एका कागदाच्या पाठीवर यादी लिहून दिली: जन्मदाखल्याची ताजी प्रत, वास्तव्याचा पुरावा, शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, फोटो. माझा जन्म गोव्यात नोंदलेला होता, त्यामुळे त्या बाजूनं अडचण नव्हती. मग म्हणाल्या, “आणि आजोबांचा जुना दाखला असला तर घेऊन ये. आडनाव पण बदलायचं म्हणतोस, तर मूळ नोंद बघायला बरी.”

आजोबांचा दाखला बाबांच्या ट्रंकेत होता. म्हणजे बाबांना सांगणं आलं.

शेवटच्या सह्या आणि नोंदींना सरकारनं जितका वेळ घेतला, त्याहून जास्त मी स्वतः हे सांगायला घेतला, असं नंतर हिशेब केल्यावर लक्षात आलं. २८ जून ते १६ जुलै. रोज ठरवायचो, उद्या. आमच्या पेडण्याच्या पुनवेला भूतनाथाचं तरंग, म्हणजे देवाचा सजवलेला खांब, आपल्या देवळाची मागणी करत डोंगराकडे धाव घेतं आणि दरवर्षी त्याची समजूत काढून त्याला परत आणतात. मी माझीच तशी समजूत काढत होतो.

१६ जुलैला, रविवारी, बाबा अंगणातल्या माटवात बसून सुपाऱ्या सोलत होते. मी शेजारी बसून अडकित्ता घेतला आणि सांगून टाकलं. शाळेतलं चिडवणंही सांगितलं, जे आजवर कधीच सांगितलं नव्हतं. बाबा बराच वेळ सोलत राहिले. मग म्हणाले, “मी एक-एक अक्षर बघून लिहिलं होतं रे. चुकू नये म्हणून दोनदा पडताळलं.”

याला काय उत्तर द्यायचं? माझ्या डोक्यात सात वर्षं एक आळशी कारकून होता, ज्यानं माझं नाव बिघडवलं. तिथं आता बाबा बसले होते, बत्तीस-तेहतीस वर्षांचे, वडील नुकतेच गेलेले, त्यांच्या दाखल्यावरची अक्षरं बोट ठेवून उतरवणारे.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “मग रघुवीर नीट लिहून घे की. राघव कशाला?”

प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. रघुवीर हे आजोबांचं. ते नीट लिहिलं तरी माझ्या कानाला त्याच्यामागून दुसरं ऐकू येणार. आणि राघव मी पाच वर्षं जगत होतो. असं काहीतरी मी बोललो. ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. परत आले तेव्हा हातात पिवळा पडलेला दाखला होता, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. “भिजवू नको” एवढंच म्हणाले.

८ ऑगस्टला दुसरी फेरी. मॅडमना जुनी पोर्तुगीज अक्षरं वाचायची सवय असावी, त्यांनी आजोबांचा दाखला झरझर वाचला. मी म्हटलं, “बघा ना, आडनाव पण कसं बिघडवलंय.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि एकदम कोकणीत आल्या. “घरा आडनांव कितें म्हणटात तुमगेलें?”

“पोरब,” मी म्हटलं.

“परत म्हण.”

“पोरब.”

“मागीर? ताणें चुकीचें कितें बरयलें?” (मग? त्यानं चुकीचं काय लिहिलं?)

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. शाळेत, भजनात, कागदावर मी परब म्हणतो, मराठी ‘अ’ लावून. पण घरात, बाजारात, आजीशी बोलताना माझे ओठ आपोआप गोल होतात. कोकणीतला ‘अ’ तसाच आहे, ‘ओ’ च्या शेजारचा. मॅडम म्हणाल्या, पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा ओ ‘उ’ सारखा वाचतात. म्हणजे ते पोरोबो नाहीच, पोरोबु. आमच्या जुन्या बोलीतला परबु. पणजोबा त्या टेबलासमोर उभे राहून जे बोलले असतील ते त्या माणसानं आपल्या लिपीत उतरवलं होतं, आणि ते बऱ्यापैकी अचूक होतं. आमचा उच्चार बिघडवला असेल तर पुढं इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी. त्यांत मीही आलोच.

विचित्र वाटलं. मी ज्याला परकं म्हणत होतो ते आमच्याच तोंडचं निघालं, आणि मी ज्याला आपलं म्हणत होतो ते शाळेत शिकलेलं. आमचं घर मराठीचं पक्कं. १९६७ च्या सार्वमतात घरातली सगळी मतं महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूनं, म्हणजे फुलाच्या चिन्हाला, पडली होती, हे आजी अजून अभिमानानं सांगते. सांगते मात्र कोकणीत. यावर भांडणारे खूप आहेत. मी त्या भांडणात पडत नाही, कारण माझ्या तोंडात दोन्ही आहेत.

त्याच दिवशी बाकावर एक आजोबा भेटले. वारसाच्या दस्तासाठी त्यांची कितवी तरी फेरी होती. त्यांच्या वडिलांचं आडनाव जन्माच्या नोंदीत एक, लग्नाच्या नोंदीत दुसरं आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तिसरं. (बाहेरच्यांसाठी: महाराष्ट्रात सातबारा तसा आमचा एक-चौदा.) माणूस एकच, हे सिद्ध करायला ते प्रतिज्ञापत्रावर प्रतिज्ञापत्र करत होते. मला म्हणाले, “आडनाव बदलतोस? भावंडं आहेत?”

धाकटी बहीण आहे. संध्याकाळी तिला विचारलं. ती तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, “तू परब झालास तर मी एकटीच पोरोबो राहू?” तिला आडनावाचा काही त्रास नव्हता. वर्गात तिला ‘पोरो’ म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

आमच्या एक-चौदावर पोरोबो आहे. बाबांच्या सगळ्या कागदांवर पोरोबो आहे. मी एकट्यानं परब व्हायचं, तर उद्या बापाचा मुलगा आहे हे सांगायलाही मला शपथपत्र लागणार. आडनावाला हात लावायचा नाही असं ठरलं. खूप उदात्त विचार वगैरे नव्हता त्यामागं, त्या आजोबांची फाइल किती जाड होती ते पाहिलं होतं.

मग चवथ आली. २५ ऑगस्टला गणपती, आणि त्याच्या मागच्या-पुढच्या दिवसांत गोव्यात कागदाचं काम काढू नये. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांची चौकट, बांधायची, रात्री घरोघरी भजनं. मी स्वतःच मोकळा नव्हतो. २९ ऑगस्टला प्रतिज्ञापत्र करून घेतलं. स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरी मिळून साडेतीनशे रुपये. टंकलेखकाला मी मजकूर हातानं लिहून दिला होता. माझं अक्षर बघून त्यानं राघवमधला एच गाळला आणि मीही न वाचता सही ठोकली. ५ सप्टेंबरला खिडकीवर ते उघडकीला आलं. मॅडम म्हणाल्या, “एका स्पेलिंगसाठी आलास ना? मग हे तरी वाच.” दुसरं प्रतिज्ञापत्र, पुन्हा साडेतीनशे. सही करण्यापूर्वी प्रत्येक नाव बोट ठेवून, सुटं-सुटं अक्षर मोठ्यानं वाचा. बाबांनी १९९९ साली केलं होतं तसं. मी एकदाही पडताळलं नव्हतं.

१२ सप्टेंबरला अर्ज स्वीकारला गेला. पोचपावती मिळाली. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढं प्रत्येक फेरीला तिचाच नंबर विचारतात.

यानंतर सूचना. कोण, राहणार कुठं, कोणतं नाव सोडून कोणतं घेऊ इच्छितो, आणि कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी, अशी ती छापून येते. गोव्याच्या राजपत्राच्या तीन मालिका आहेत आणि या सूचना तिसरीत येतात. राजपत्र गुरुवारी निघतं. वर इंग्रजी तारखेबरोबर शकाचीही तारीख असते. दर गुरुवारी संध्याकाळी सरकारी छापखान्याच्या संकेतस्थळावरून मी अंक उतरवायचो आणि मोबाइलवर पानं सरकवत जायचो. तोवर मला कल्पनाच नव्हती की इतके लोक नाव बदलतात. एक्सचे श झालेले, क्यूचे के झालेले, लग्नानंतर बदललेलं पुन्हा माहेरचं केलेलं. कुणी फक्त एक अक्षर वाढवलेलं. प्रत्येक सूचनेत चार ओळी आणि कारण कुठंच नाही.

५ ऑक्टोबरच्या अंकात मी नव्हतो. त्या रात्री कोजागरी, म्हणजे आमची पुनव. गर्दीत उभा राहून भूतनाथाकडे बघताना जरा जास्तच आपुलकी वाटली.

१२ ऑक्टोबर २०१७, आश्विन २० शके १९३९ च्या अंकात माझं नाव आलं. दोन्ही नावं. जे नाव सात वर्षं लपवलं तेच सरकारी राजपत्रात छापून आलं, आणि तिथून ते कधी पुसलं जाणार नाही. हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याच आठवड्यात एका मराठी दैनिकातही जाहिरात दिली होती. ती कुणी वाचणार नाही अशी माझी समजूत. पण गावात पेपर पहिल्या ओळीपासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचला जातो. दुसऱ्या दिवशी सलूनवाल्यापासून भजनाच्या बुवांपर्यंत सगळे विचारायला लागले, “आरे, तुजें नांव रोगुवीर आशिल्लें?” मला राघव किंवा बाबू म्हणणाऱ्या माणसांना ते कधी माहीतच नव्हतं. मी नाव टाकलं त्या दिवशी ते गावाला कळलं.

पुढचे तीस दिवस कठीण गेले, उगीचच. हायस्कुलातला कुणीतरी गंमत म्हणून हरकत घेईल अशी भीती मनात बसली. रात्री झोपताना मी संशयितांची यादी करायचो. नरकासुराच्या रात्री, दिवाळीच्या आदल्या दिवशी, त्यातलाच एक पुतळ्याजवळ भेटला. बांबूला कागद चिकटवत होता, हात खळीनं भरलेले. म्हणाला, “पेपरात वाचलं. बरं केलंस.” मग थोडं थांबून, “आम्ही जरा जास्तच करायचो.” मी “असू दे” म्हटलं आणि त्याला कागद फाडून द्यायला लागलो. दोघांनाही पुढं काय बोलायचं ते सुचलं नाही. पहाटे नरकासुर जाळला.

तीस दिवस ११ नोव्हेंबरला भरले, तो शनिवार निघाला. सोमवारी १३ तारखेला गेलो. हरकत एकही नव्हती. सह्या आणि नोंदी व्हायला आणखी दोन आठवडे लागतील असं सांगितलं, आणि तेवढेच लागले. २८ नोव्हेंबरला प्रमाणपत्र हातात आलं. जन्माच्या नोंदीत जुनं नाव खोडत नाहीत. ते तसंच राहतं आणि शेऱ्याच्या जागी बदलाची नोंद होते. मला ते बरं वाटलं. बाबांनी उतरवलेली अक्षरं जागच्या जागी आहेत.

मॅडमना पेढे द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, “देवळात ठेव.” मग प्रमाणपत्र पुढं सरकवून, “आधी वाच.” मी बोट ठेवून वाचलं. राघवमध्ये एच होता.

खर्चाचं विचारणारे असतील म्हणून: दोनदा केलेलं प्रतिज्ञापत्र, फोटो, झेरॉक्स, कचेरीतलं शुल्क, राजपत्र आणि दैनिकातली जाहिरात मिळून माझे तीन हजारांच्या आत गेले. सगळ्यात मोठा घास जाहिरातीचा, आणि ती शब्दांवर मोजतात, तेव्हा मजकूर आटोपशीर ठेवा. बसभाडं धरलेलं नाही. कचेरीच्या एकूण फेऱ्या सात झाल्या. पैसे पेटीच्या शिकवण्यांतून साठवले होते. बाबा देत होते, मी घेतले नाहीत. आता वाटतं, घ्यायला हवे होते, त्यांना बरं वाटलं असतं.

नंतरचं फार काही नाही. डिसेंबरात आधार बदलून घेतलं, मग बँकेचं पासबुक. आधारवर नाव बदलायच्या संधी मोजक्याच असतात, तेव्हा पक्का कागद हातात येईपर्यंत त्याला हात लावू नका. कॉलेजात अर्ज दिला, आता हजेरीला राघव पोरोबो पुकारतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका मी तशाच ठेवल्या आहेत, त्यांच्यामागं राजपत्राचं पान टाचून. प्रमाणपत्राच्या आणि त्या पानाच्या पाच-सहा साक्षांकित प्रती एकदम करून ठेवा, प्रत्येक जण एक ठेवून घेतो. आणि अठरा पूर्ण झालेल्यांनी शक्य असेल तर मतदार यादीत नाव घालायच्या आधी हे सगळं उरकावं. मी १ जानेवारी २०१८ च्या यादीसाठी थांबलो आणि सहा नंबरचा फॉर्म नव्या नावानंच भरला.

प्रमाणपत्र आणलं त्या दिवशी आजी उंबऱ्यावर बसली होती. बाबांनी तो कागद तिला दाखवला. तिला वाचता येत नाही, तरी उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडे बघून, जरा चाचपडत, म्हणाली, “राघवा, च्या घे.” अठरा वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. हे नाव तिला घेता येत होतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली.

तिन्हीसांजेला दिवा लावून झाल्यावर आजीनं मला परत हाक मारली, पाटातलं पाणी माडांकडे वळवून ये म्हणून. तेव्हा मी पुन्हा बाबू होतो.